एक पोतं, तीन वाट्या

काकूंच्या स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर स्टीलच्या वाट्यांची चळत होती. सगळ्या वाट्या एका मापाच्या, एका दुकानातून एकदम आणलेल्या. गल्लीतल्या नोकरीवाल्या आयांची लेकरं काकूंनी वर्षानुवर्षं सांभाळली ती याच वाट्यांवर. त्यांच्या पाळणाघराचा नियम एकच होता: वाटी सारखी, वाढणं सारखं, पंक्तिप्रपंच नाही. घरची दोन पोरंही त्याच रांगेत बसायची. काकूंच्या स्वतःच्या लेकीला कधी चमचाभर जास्त मिळालं, असं गल्लीतल्या कोणाला म्हणता आलं नसतं.

याला कारण होतं. काकू लहानपणी मावशीकडे वाढल्या. मावशी वाईट नव्हती, कधी हात उगारला नाही की शब्दाने दुखावलं नाही. फक्त दुधावरची साय मावसभावाच्या पेल्यात पडायची आणि खालचं पातळ दूध काकूंच्या. कोणी काही बोलायचं नाही. पण लहान मुलाला साय बरोबर दिसते. तेव्हापासून काकूंच्या मनात गाठ बसली होती, की आपल्या हाताने असं कधी होऊ द्यायचं नाही.

पुढे मुलं मोठी झाली. तरुण जोडपी नव्या वस्तीत राहायला गेली, आणि जी गल्लीत उरली त्यांनी लेकरांच्या आधी कुत्री आणली. काकूंचे यजमान बस डेपोत वेळा लिहिण्याच्या कामावर होते. ते म्हणाले, "पाळणाघर काही बंद पडलं नाही हो. गिऱ्हाइकं दोन पायांवरून चार पायांवर आली, एवढंच."

गोष्ट घडली तेव्हा काकूंकडे दिवसभर राहायला तीन कुत्री होती. लवंग नावाची एक चिमुकली कुत्री, वर्षाची झालेली, पण शिंप्याच्या इस्त्रीपेक्षा हलकी. दुसरे रावसाहेब. मध्यम बांध्याचे, वयाने उतरणीला लागलेले, दारातल्या पायपुसण्यावर पेन्शनरासारखे पडून असायचे. आणि तिसरा ढब्बू. मोठ्या जातीचं पिल्लू. अजून दुधाचे दात पुरते पडले नव्हते, पण पंजे बघावेत तर दुसऱ्याच कोणाचे उसने आणून घातलेले वाटावेत. तो समोरच्या शिंप्याचा. शिंप्याचं दुकान आणि बिऱ्हाड एकच, समोरच्या घराच्या माडीवर, आणि वर जायला बाहेरून लोखंडी जिना, शिडीसारखा उभा.

काकूंनी पहिल्यांदा खाणं आणायला दुकान गाठलं तेव्हा त्या फळ्यांकडे बघतच राहिल्या. लहान जातीचं वेगळं, मोठ्या जातीचं वेगळं, पिल्लांचं वेगळं, म्हाताऱ्यांचं वेगळं.

"कुत्रा केवढाय?" दुकानदाराने विचारलं.

"तीन आहेत. एक मांजरीला घाबरेल एवढी. एक तुमच्या या खुर्चीएवढा. आणि एकाचं अजून ठरायचंय, केवढं व्हायचं ते."

"मग तीन पोती लागतील."

"एका घरात तीन चुली?" काकू म्हणाल्या. "असं काय वेगळं असतं हो त्यात?"

दुकानदार गिऱ्हाइकाच्या गडबडीत होता. "असतं काहीतरी," म्हणाला आणि दुसरीकडे वळला.

काकूंनी आपल्या परीने विचार केला. लहानाचं घेतलं तर मोठ्यावर अन्याय, मोठ्याचं घेतलं तर लहानावर. मधलं घेतलं की कोणाचंच बोलणं नको. त्यातही पिल्लांचं घ्यावं, ते कसदार असणार. कसदार खाऊन कोणाचं वाईट झालंय? मध्यम जातीच्या पिल्लांचं एक मोठं पोतं त्यांनी घरी आणलं आणि तीन सारख्या वाट्या भरल्या. वाटी संपली की पुन्हा भरायची, हाही जुनाच नियम. त्यांच्या घरून कोणी उपाशी उठत नसे.

काही आठवडे छान गेले. मग एका दुपारी लवंग थरथरायला लागली. ताप नाही, काही नाही, नुसती थरथर, जिभेला साखरेचं पाणी लावलं की बरी, पण अंगाने वाळत चाललेली. रावसाहेबांचा गळ्यातला पट्टा तंग होऊन एक भोक मागे गेला, मग आणखी एक. आणि ढब्बू लंगडायला लागला. आज पुढचा डावा पाय, परवा उजवा. जिन्याशी आला की खालच्या पायरीवर हनुवटी ठेवून बसायचा आणि वर बघायचा. शिंपी खाली येऊन त्याला उचलून न्यायचा.

"काकू, हा असाच वाढला तर थोड्या दिवसांनी यालाच मला उचलावं लागेल," शिंपी म्हणाला. हसला, मग ढब्बूचा दुखरा पंजा हातात घेतला. "माझ्या बहिणीचं घर बैठं आहे. ती म्हणते, पाठवून दे. जिना चढता येत नसेल तर मी तरी त्याला कुठे ठेवू?"

काकूंनी ढब्बूकडे बघितलं. दिवसभर हा जीव त्यांच्या हातचं खात होता. त्यांच्या वाटीपायी त्याचं घर सुटणार होतं की काय?

संध्याकाळी त्यांनी यजमानांना विचारलं, "पोतं एकच, हात एकच, वाटी एकच. मग एक वाळतेय, एक फुगतोय आणि एक लंगडतोय, हे कसं?"

"पोतं माणूस बघून वागतंय," यजमान म्हणाले.

त्यांनी गंमत केली होती, पण काकूंच्या डोक्यातून ते वाक्य जाईना.

दुसऱ्या दिवशी शिंपी आणि काकू ढब्बूला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई काकूंच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पाय चाचपले, एक्स-रे काढले, ढब्बूने त्यांचा कान चाटला तोही चाटू दिला.

"मोडलेलं काही नाही," त्या म्हणाल्या. "हाडं आतून दुखतायत. खातो काय हा?"

"माझ्याकडे सकाळी थोडंसं," शिंपी म्हणाला.

"आणि माझ्याकडे पोटभर," काकू म्हणाल्या. "वाटी संपली की परत वाटी."

"वरून आणखी काही?"

काकू जरा थांबल्या. "कॅल्शियमची पूड. एवढी मोठी हाडं व्हायची आहेत, म्हटलं सामान नको का पुरवायला?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "बहुतेक लोक हेच करतात, काकू. पण मोठ्या जातीच्या पिल्लाचं उलट असतं. लहान जातीची कुत्री वर्षाच्या आत पुरी वाढतात. हा दीड-दोन वर्षं वाढत राहणार. त्याला जास्त घातलं की तो जास्त मोठा नाही होत, लवकर मोठा होतो. वजन आधी येतं, हाडं आणि सांधे मागून धावतात. वरची पूडही त्याला बाहेर टाकता येत नाही, ती हाडांतच गोंधळ घालते. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं म्हणूनच वेगळं बनवतात, त्यात हे सगळं बेताचं ठेवलेलं असतं."

शिंप्याने मान हलवली. "म्हणजे घाईत घातलेली शिवण. दिसायला झाली, ताण आला की उसवली."

"तसंच. पण अजून उसवलेली नाही. पूड बंद, खाणं बदला आणि मोजून द्या, उड्या नकोत. महिनाभराने बघू."

"आणि जिना?"

"तोही महिनाभर उचलूनच. बहिणीला अजून काही कळवू नका."

काकूंना एक उत्तर मिळालं, पण त्यांचे प्रश्न तीन होते. घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात स्टूल मांडलं, तिघांच्या वाट्या भरल्या आणि पहिल्यांदाच, भांडी न घासता, भाजी न निवडता, नुसत्या बसून तिघांचं खाणं बघितलं.

रावसाहेब सावकाश, एकेक दाणा चावून खात होते. संपलं की वाटी चाटून पायपुसण्यावर, आणि काकूंनी पुन्हा वाटी भरली की काही नड नसताना, केवळ भिडेखातर, पुन्हा खात. ढब्बू चावतच नव्हता. धान्याच्या गिरणीत पडावं तसं खाणं आत पडत होतं. आणि लवंग? लवंगने एक दाणा उचलला. दातांत धरला, सोडला. चाटला. मग तो तोंडात घेऊन दाराआड गेली, चटईच्या कोपऱ्याखाली ठेवला आणि परत येऊन दुसरा उचलला. चटई उचलून बघितली तर खाली दाण्यांची रास. काकूंची पाठ वळायची खोटी, ढब्बू नाकाने चटई उलटी करून सगळं फस्त करत होता.

म्हणजे लवंगची वाटी रोज रिकामी व्हायची, लवंग मात्र उपाशी.

काकूंनी एक दाणा लवंगच्या जबड्याशी धरून बघितला. तिच्या पुढच्या चार दातांएवढा तो एकटा होता. मग त्यांनी तो स्वतःच्या दाढेखाली ठेवला. तेवढ्यात यजमान पाणी प्यायला आत आले.

"घरात एवढी ओढाताण आहे, हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"चव नाही बघत. केवढा कडक आहे ते बघतेय. तुम्हाला कोणी आख्खा कच्चा बटाटा दिला आणि म्हणालं एका घासात खा, तर?"

"मी चटईखाली ठेवीन."

काकूंना हसू आलं, आणि त्या हसण्यातच पुढचे प्रश्न सुचत गेले. लवंगच्या पोटात एका वेळी मावणार किती? चिमूटभर जिवाची ऊबही भराभर निघून जात असणार, मग तिला थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा नको का द्यायला? आणि रावसाहेब झोपा काढणार, त्यांना पिल्लाचा कस कशाला? डॉक्टरीणबाईंना त्यांनी एवढे फोन केले, की शेवटी बाई फोन उचलूनच म्हणायला लागल्या, "हं, काकू, आज कोण?" बाईंनीच त्यांना बरगड्या बघायला शिकवलं. बोटं हलकेच फिरवायची. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्याला दिसू नयेत. काकूंनी तिघांच्या बघितल्या आणि मग वर्तमानपत्र वाचत बसलेल्या यजमानांच्याही.

"काय गं?"

"काही नाही. रावसाहेबांचं खाणं तुम्हालाही चालेल."

तीन पोती आली. लवंगला बारीक दाण्याचं, कसदार, दिवसातून चार वेळा. रावसाहेबांना हलकं, दोन वेळा. ढब्बूला मोठ्या जातीच्या पिल्लांचं, टपोऱ्या दाण्याचं, म्हणजे चावावंच लागेल. तेही तीन वेळांत वाटून, मोजून, आणि दुसरी वाटी नाही.

हे सांगायला सोपं होतं. लवंगची तिसरी वाटी भरली की ढब्बू यायचा, बसायचा आणि बघायचा. रडायचा नाही, भुंकायचा नाही, नुसता बघायचा. काकू लवंगची वाटी आतल्या खोलीत नेऊ लागल्या, दार लोटून. एकदा दार लोटताना त्यांचा हात तसाच राहिला. त्या बाहेर येऊन यजमानांजवळ बसल्या.

"आज मी मावशी झाले," त्या म्हणाल्या.

यजमानांना सायीची गोष्ट ठाऊक होती. ते काकूंकडे वळले. मग म्हणाले, "मावशीने तुझ्या बरगड्या कधी बघितल्या होत्या का?"

काकू उठल्या. ढब्बूशेजारी जमिनीवर बसल्या, लवंगचं खाऊन होईपर्यंत. पुढे तो रिवाजच पडला. वाटी नाही तर नाही, सोबत तरी.

त्या महिन्यात लेक दोन दिवस राहायला आली. ती शाळेत खेळ शिकवायची. उंच, दणकट, दारातून येताना अजून वाकायची. तीन पोती आणि तीन मापं बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, हे काय? तुझ्या घरात पंक्तिप्रपंच?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"आम्हाला न्यायचं होतंस ना त्या डॉक्टरांकडे. तुझा तो सगळ्यांना सारखा दुधाचा पेला दादाला कधी संपला नाही, माहीत आहे? खिडकीतल्या कुंडीत ओतायचा."

"त्या कुंडीत? म्हणून ते झाड सडलं?"

"म्हणून."

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "आणि तू?"

"मी काय?"

"तुला पुरायचं का गं?"

लेकीने खांदे उडवले. "उपाशी नव्हते. पण दादाने कुंडीऐवजी मला दिलं असतं, तर चाललं असतं." आणि ती हसत लवंगला उचलायला गेली. तिला यात फार काही वाटलेलं दिसलं नाही. काकूंना मात्र वाटलं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी लेकीचं ताट भरलं नाही, समोर भांडं ठेवलं आणि म्हणाल्या, "तू घे तुला हवं तेवढं." लेकीने तीनदा घेतलं.

महिना झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी ढब्बूचे पाय पुन्हा चाचपले. तो आता जरा बारीक दिसत होता, पट्ट्याखाली दोन बोटं सहज जात होती. "दुखत नाहीये," त्या म्हणाल्या. "जिना चढून बघू दे, सावकाश, पट्टा धरून. पण वाढ अजून खूप बाकी आहे, हं. पुरा मोठा होईपर्यंत लक्ष ठेवायला लागेल."

"तेवढंच तर येतं मला," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी शिंपी त्याला न्यायला आला. त्याने सवयीने वाकून हात पुढे केले, मग आठवलं तसा सरळ झाला आणि नुसता पट्टा धरला. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. बघायचं म्हणून गेल्या, पण बघवेना. त्या पाठ करून ओट्याला टेकल्या आणि कान दिला. कोणाचा पाय चुकतोय, हे लोखंडी जिना कधी लपवत नाही. पहिल्या पायरीवर ढब्बू थांबला. शिंपी म्हणाला, "चल रे बाबा, घर वरच आहे."

मग पावलं वाजू लागली. सावकाश, जड, एकामागून एक, चारही सारखी.

काकूंनी ती वरच्या दारापर्यंत ऐकली. दार लागल्यावर त्यांनी लवंगची चौथी वाटी काढली.