पदर सावरणारी राक्षसीण

माझ्या सासूबाई सिनेमात राक्षसीण आहेत. हे मी पुण्यातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं, "नशीबवान आहेस. आमच्या घरी असतात."

तर तसं नाही. माझ्या सासूबाई स्वभावाने अत्यंत प्रेमळ आहेत (हा मजकूर त्या वाचणार आहेत). राक्षसीण त्या फक्त पडद्यावर आहेत, आणि हा पराक्रम सर्वस्वी माझा आहे.

मी बंगळुरात, व्हाइटफील्डमधल्या एका स्टुडिओत सिनेमातली पात्रं हलवायचं काम करते. पडद्यावर जो वाघ झेप घेतो तो कुठल्याच जंगलात नसतो, आमच्या कंप्युटरमध्ये असतो, आणि त्याला चालायला, बसायला, शेपूट हलवायला आम्ही शिकवतो. लग्न ठरताना हे सगळं मी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्या चामराजपेटेत, म्हणजे त्यांच्या जुन्या वस्तीत, सांगितलं, "मुलगी कार्टून काढते. पण घरचे लोक चांगले आहेत."

सासूबाईंना सगळं जग अक्का म्हणतं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा श्रीधर, तोही. हे घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळुरात येऊन राहिलेलं, त्यामुळे अक्कांच्या मराठीत कानडी कधी येतं आणि कधी जातं ते त्यांनाही कळत नाही. माझ्या पुणेरी मराठीला मात्र त्या "पुस्तकातलं" म्हणतात. सध्या त्या आमच्याबरोबर एचएसआर लेआउटला राहतात, पण जीव चामराजपेटेतल्या भजनी मंडळात अडकलेला.

आणि अडकलेले गुडघे. आमच्या घरात राजकारण, क्रिकेट, शेजाऱ्यांचं पार्किंग असे विषय नसत. अक्कांचे गुडघे हाच एक विषय असे. डॉक्टरांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं, दोन्ही बदला, नाहीतर पुढे चालणंच बंद होईल. अक्कांचं म्हणणं, देवाने दिलेली वस्तू आपण कोण बदलणार? (दात बदलले होते. चष्मा होता. मोतीबिंदूही काढला होता. पण गुडघे देवाचे!) श्रीधरने विनवण्या केल्या, भांडण केलं, एकदा तर जेवण सोडलं आणि तासाभराने परत धरलं. शेवटी एका सकाळी अक्का म्हणाल्या, "सरी. कापा काय कापायचं ते." श्रीधरने त्याच क्षणी हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशनची तारीख पक्की केली. त्या दिवशी घरात शिरा झाला.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या स्टुडिओत एक राक्षसीण चालेना.

पौराणिक थाटाचा मोठा सिनेमा होता. त्यात एक म्हातारी, अवाढव्य राक्षसीण डोंगरावरून उतरून गावावर चाल करून येते. आमच्याकडे सेन्सर असतात. ते माणसाच्या अंगावर बांधायचे, माणूस चालला की ती चाल सॉफ्टवेअरमध्ये उतरते आणि पात्राला देता येते. आम्ही टीममधल्या सगळ्यांना आळीपाळीने चालवून पाहिलं. पण टीममध्ये सगळी कोवळी मंडळी. त्यांच्या चालीवर ती राक्षसीण गाव उद्ध्वस्त करायला नाही, जिमला निघाल्यासारखी दिसे. दिग्दर्शक मुंबईचा होता. तो डोकं धरून म्हणाला, "अरे, वजन कहाँ है? दर्द कहाँ है?"

आणि मी, जिला ऑफिसात कोणी काही विचारलेलं नव्हतं, बोलून गेले, "सर, मेरे घर में है."

घरी आल्यावर मी अक्कांना सांगितलं की एका सिनेमासाठी आम्हाला त्यांची चाल हवी आहे.

"कुठलं पात्र?" अक्कांनी विचारलं.

"वयस्कर बाई आहे. खूप ताकदवान. सगळे तिला घाबरतात."

"राजमाता?"

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही' असंही म्हटलं नाही. मी म्हटलं, "चहा ठेवू?"

शूटिंगच्या दिवशी अक्का ठेवणीतली नऊवारी नेसून, नथ घालून, केसात मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं माळून तयार! सेन्सरचा काळा घट्ट सूट पाहून त्या म्हणाल्या, "अय्यो, हे कोण घालतं? सर्कशीतले?" आमच्या माणसाने अदबीने सांगितलं की सगळेच कलाकार घालतात. अक्कांनी अदबीने सांगितलं की मग सगळ्याच कलाकारांना लाज नाही. बराच वेळ वाटाघाटी झाल्या. अखेर सेन्सर पट्ट्यांनी नऊवारीवरच बांधले गेले. अक्कांनी कॅमेऱ्याला नमस्कार केला आणि चालायला लागल्या.

काय चालल्या! आधी कंबर उजवीकडे जाई, मग डावा पाय जरा विचार करून पुढे पडे, मग बाकीचा देह नाइलाजाने त्याच्यामागून येई. मध्येच थांबून एक सुस्कारा. आमच्या समोरच्या पडद्यावर शिंगं, सुळे आणि केसाळ पाठ असलेली राक्षसीण हुबेहूब तशीच चालत होती. (पडदा अक्कांच्या पाठीमागे येईल, अशी व्यवस्था मी आधीच केली होती. इतकी अक्कल मला आहे.)

फक्त एक भानगड झाली. अक्कांना चालता चालता पदर सावरायची सवय. दर थोड्या पावलांनी डावा हात उजव्या खांद्याकडे जाणार, पदर ओढून घेणार, कमरेला खोचणार. त्यामुळे पडद्यावरची राक्षसीणही गाव चिरडायला निघालेली असताना मध्येच थांबून, अंगावर नसलेला पदर नीट करत होती. सगळी मेहनत पाण्यात!

अक्का पलीकडे पट्ट्या सोडवून घ्यायला गेल्या आणि दिग्दर्शक उठून उभा राहिला. डोळे पाणावलेले. "क्या बात है! राक्षसी है, लेकिन अंदर से औरत है! ये रखना है!" त्याची एकच तक्रार होती. चाल त्याला फार अतिरंजित वाटली. "इतना कोई नहीं चलता. थोडा कम करो."

आम्ही कमी केली.

जाताना दिग्दर्शकाने अक्कांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "माँजी, आपकी ये चाल तो खजाना है. इसे संभालके रखिए. अभी और सीन बाकी हैं." हे त्याचं शेवटचं वाक्य नसतं, तर हा लेख इथेच संपला असता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला अक्का म्हणाल्या, "श्रीधरा, हॉस्पिटलला फोन कर. ऑपरेशन बेडा. नको म्हणून सांग."

श्रीधरच्या हातातला इडलीचा तुकडा सांबारात पडला. "अगं अक्का, का?"

"चाल बदलली तर सिनेमावाल्यांनी काय करायचं? मी आर्टिस्ट आहे आता."

"तू आर्टिस्ट नाहीस, तू पेशंट आहेस!"

"कलाकाराच्या घरच्यांना कधी कळत नाही," अक्का खिन्नपणे म्हणाल्या आणि चटणी वाढून घेतली.

ऑपरेशन रद्द झालं. श्रीधर माझ्याकडे वळला. आमच्या संसारात त्याने माझ्यावर अनेक आरोप केलेत, पण "तू माझ्या आईचे गुडघे सिनेमाला दिलेस" हा नवीन होता. मी म्हटलं, पुढचे सीन झाले की मीच तयार करीन त्यांना. पुढचे सीन झाले, तरी अक्का हटेनात. उलट दुखणं वाढलं तशा त्या खूश. "आता अजून चांगली येते बघ चाल." फिजिओथेरपी बंद. तेल लावणं बंद. एकदा तर दुखण्याची गोळी परत डबीत ठेवताना सापडल्या! आता त्या बाथरूमपर्यंत जातानासुद्धा भिंत धरत होत्या. मला रात्री झोप लागेना. नवरा बोलत नव्हता त्याचं एवढं काही नाही, त्यात शांतताही होती. पण अक्का उठताना "आई गं" म्हणायच्या, तेव्हा मला खरोखर रडू यायचं.

सिनेमा लागला. अक्कांनी सगळं भजनी मंडळ आमंत्रित केलं. रेशमी साड्या, गजरे, डब्यांत कोडबळी. मंडळाच्या प्रमुख कमलाक्का, अक्कांच्या बालमैत्रीण आणि तितक्याच जुन्या प्रतिस्पर्धी, अक्कांच्या शेजारच्या खुर्चीत. त्यांच्या पलीकडे मी, आणि माझ्या पलीकडे श्रीधर, हाताची घडी घालून.

पडद्यावर राजमाता आली. अक्का पुढे सरसावल्या. ती भलतीच कोणी तरुण नटी होती आणि तरातरा चालत गेली. अक्का मागे टेकल्या. "माझा सीन पुढे असेल."

मग डोंगर हादरला. ढग फाटले. शिंगं दिसली, सुळे दिसले. राक्षसीण उतरू लागली. कंबर उजवीकडे, डावा पाय विचारात, बाकीचा देह नाइलाजाने. थिएटर हसायला लागलं. आणि राक्षसीण थांबली, आणि तिने पदर सावरला.

"अगं!" कमलाक्का किंचाळल्या. "ही तर तूच!"

मी श्रीधरचा हात धरायला गेले. त्याने घडी सोडली नाही.

अक्का पडद्याकडेच बघत राहिल्या. मध्यंतरापर्यंत तशाच बसल्या. मी मनातल्या मनात पुण्याचं तिकीट काढलं, एकाच बाजूचं.

मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेपाशी दोन कॉलेजच्या मुली राक्षसिणीची नक्कल करून मोबाइलवर रील काढत होत्या. अक्का भिंत धरत त्यांच्यापाशी गेल्या. मला वाटलं, आता गेल्या पोरी. पण अक्का म्हणाल्या, "चूक. आधी कंबर. मग डावा पाय. आणि पदर असा नाही, स्वल्प वर." आणि प्रात्यक्षिक करून दाखवलं! मुली वेड्यासारख्या ओरडायला लागल्या. लोक जमले, टाळ्या, शिट्ट्या. कमलाक्का सगळ्यांना सांगत होत्या, "आमची आहे, आमच्या मंडळातली!" मी सुटकेचा श्वास सोडला. अक्कांना आवडलं होतं!

मग एका मुलीने त्या प्रात्यक्षिकाचा काढलेला व्हिडिओ अक्कांसमोर धरला. अक्कांनी चष्मा सारखा करून पाहिला. परत लावायला सांगितला. परत पाहिला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मृणाल," त्या हळूच म्हणाल्या, "मी त्या राक्षसिणीसारखीच चालते?"

"नाही हो अक्का! सिनेमात ते जरा वेगळं करतात. सॉफ्टवेअरमध्ये बदलतं ते."

"काय बदललंत?"

इथे कुठलीही शहाणी सून गप्प बसली असती. मी म्हणाले, "थोडं कमी केलंय."

अक्का बाकावर बसल्या. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. आपल्याच पायांकडे बघत होत्या, परक्या माणसाकडे बघावं तसं. "घरात आपल्याला आपण दिसतच नाही गं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, जरासं लंगडते. इतकंच." डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. मी म्हटलं, "चुकलं माझं अक्का." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, मग गर्दीत श्रीधरला शोधलं आणि सगळ्या लॉबीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "श्रीधरा! त्या डॉक्टरला फोन कर. राक्षसिणीला आता पुरे झालं."

श्रीधरने तिथेच, पॉपकॉर्नच्या वासात, फोन लावला. फोन ठेवल्यावर कित्येक आठवड्यांनी त्याने माझ्याशी पहिला शब्द उच्चारला. तो शब्द होता, "कोक?"

ऑपरेशन छान झालं. आता अक्का सकाळी एचएसआरच्या पार्कात अशा चालतात की कमलाक्कांनी त्यांच्याबरोबर फिरायला जाणं सोडलंय. सगळं गोड झालं म्हणायचं, पण सिनेमाही चालला, आणि त्याचा दुसरा भाग आला. दिग्दर्शकाला तीच चाल हवी. अक्कांनी हौसेने चालून दाखवली, तर राक्षसीण भाजी आणायला निघालेल्या सैनिकासारखी दिसायला लागली. दिग्दर्शकाने परत डोकं धरलं. मग मीच पुढे झाले. म्हटलं, मी ती चाल रोज जवळून पाहिली आहे, मी करते.

सेन्सर बांधले. दिग्दर्शक पडद्याकडे बघत राहिला, बघत राहिला आणि टाळ्या वाजवत उठला. "यही! बिलकुल यही! क्या ऑब्झर्वेशन है! सासू माँ को कितना स्टडी किया होगा!"

मी अजून सुरुवात केलीच नव्हती. दिवसभर कंप्युटरपुढे बसून पाय आखडले होते, म्हणून मी नुसती पाणी प्यायला उठले होते.