पागे मॅडमना यंदा बोलावणं आलं नाही

नव्या सत्राचा पहिला दिवस. जुलै संपत आला होता. इतिहास विभागाच्या फळ्यावर एम.ए.चं वेळापत्रक लागलं होतं आणि मी त्यात पागे मॅडमचा तास शोधत होते. तेवढ्यात माझ्या वर्गातला जुबेर आला. एरवी लांबूनच ओरडणारा. हळूच म्हणाला, "सुन... पागे मैम नहीं रहीं. आज सुबह."

वेळापत्रकात त्यांचा तास नव्हताच. मोडीवाचनाचा पेपरच काढून टाकला होता. कारण काय, तर शिकवायला माणूस नाही.

माणूस होता. टी. टी. नगरात भावाच्या घरी बोलावण्याची वाट बघत बसला होता. सुलभा पागे आमच्या कॉलेजात 'अतिथी विद्वान', म्हणजे हंगामी प्राध्यापिका होत्या. काय देखणा शब्द आहे! वर्षानुवर्षं त्याच खोलीत तोच विषय शिकवायचा आणि दर जुलैत नव्याने पाहुणं व्हायचं. बोलावणं आलं तर यायचं, नाही आलं तर का, ते विचारायचं नाही. पाहुण्याला असं वागवायची रीत निदान आमच्या घरी तरी नाही.

मूळच्या ग्वाल्हेरच्या. जुन्या दप्तरातली मोडी पत्रं सकाळचा पेपर वाचावा तशी वाचायच्या. माझा प्रबंध त्यांच्याच जोरावर उभा होता, एका गावातल्या विहिरीच्या तंट्याचे कागद. मी अडखळत, अंदाजाने पुढे रेटायचे. मग त्या म्हणायच्या, "पुढारीणबाई, ही घोषणा नाहीये. हळू वाचा."

मार्चमध्ये मी पत्रक लिहिलं, अतिथी विद्वानांना कायम करा म्हणून. मसुदा त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"चांगलं लिहितेस. माझं नाव तेवढं घालू नकोस हं."

"मॅडम, असं घाबरून कसं चालेल?"

"तुझं चालतं गं. तू पास होऊन जाशील."

नाव घातलं नाही. शब्द पाळला! लिहिलं, 'कॉलेजात मोडी वाचू शकणाऱ्या एकमेव प्राध्यापिकेलाही दरवर्षी दारात उभं राहावं लागतं.' ते वाक्य मला फार आवडलं होतं. छापून आल्यावर जुबेरने वाचलं. "एक ही तो हैं. नाम ही लिख देती." तोवर प्रती फाटकापासून कँटीनपर्यंत वाटून झाल्या होत्या.

बोलावणं पत्रकामुळेच आलं नाही, असं कोणी लिहून देणार नाही. इतिहास शिकतेय, पुराव्याशिवाय बोलू नये हे कळतं. पण मला माहीत आहे. आणि मी काय केलं? सोनागिरीपासून टी. टी. नगरापर्यंत शहरभर सह्या गोळा केल्या, त्यांच्याचसाठी. त्यांच्या घरावरून दोनदा गेले, आत गेले नाही. सह्या पूर्ण झाल्या की दाखवू, असं स्वतःला सांगितलं... तोंड दाखवायची हिंमत नव्हती, हे खरं.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. शोकसभेत विभागप्रमुखांनी ही पोकळी कधीच भरून निघणार नाही असं सांगितलं. पेपरच रद्द केल्यावर ती भरणार कशी, साहेब?

तेरावं झाल्यावर त्यांच्या घरी गेले. धाकट्या भावाने दार उघडलं. "ये. तू ती पत्रकवाली ना? ताई सांगायची." चिडले असते तर बरं झालं असतं. आतल्या खोलीत जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या मांडलेल्या. "जुलै लागल्यापासून दर सोमवारी, मोडीच्या तासाच्या वेळेला, साडी बदलून इथे बसायची," ते म्हणाले. "म्हणायची, कॉलेजने नाही बोलावलं तर नाही, पोरं येतील. चौघंच तर आहेत."

आम्हा चौघांतलं एकही गेलं नाही.

प्रत्येक खुर्चीसमोर एक कागद होता. मोडीत आधी आख्ख्या ओळीभर रेघ ओढतात, मग तिला अक्षरं लटकवतात. आमच्या रेघा वाकड्या जायच्या, म्हणून मॅडम त्या घरूनच ओढून आणायच्या. या चारही कागदांवर वरपासून खालपर्यंत सरळ रेघा होत्या. अक्षर एकही नाही.

"हवे तर घेऊन जा," मॅडमचे भाऊ म्हणाले.

मी नाही घेतले. त्या रेघांखाली लिहिण्याइतकं मला येत नाही, आणि आता येणारही नाही.