मस्करीचा हक्क कोणाचा?

"मी नही देखस आते. तुम्हीच देखा," असं म्हणून कल्पनाताईंनी फोन माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसल्या.

मी नंदुरबारला सायबर पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं कुणालातरी ओटीपी सांगून बसलेली असतात. 'नेटवर माझी टिंगल केली' म्हणून फार थोडे येतात, आणि जे येतात ते पाणी गळ्याशी आल्यावर. कल्पनाताई कोरीटच्या. चाळिशीच्या आतबाहेर, नऊवारी नाही पण पदर डोक्यावर. गावातल्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला होता आणि तो उडवायचं रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतलं होतं.

मी फोन सुलटा केला. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. शेतात गर्दी, कल्पनाताईंच्या गळ्यात रिमोट. लांबून ड्रोन परत येतो, तिरका होतो, सरळ पपईच्या बागेत घुसतो आणि पपया, पानं, पंखे सगळं एकदम खाली. कल्पनाताई रिमोट धरून मागे पळतात आणि ड्रोनला ओरडून सांगतात, "अरे थांब ना रे भाऊ, थांब!"

मला हसू आलं. दाबलं, पण दिसलंच.

"हासा, हासा," त्या म्हणाल्या. "हासाना राग नही माले. खाले वाचा."

खाली कॉमेंट होत्या. पहिल्या काही साध्या. 'विमान पपई खायला उतरलं.' मग 'बाईच्या हातात लाटणंच बरं.' मग ही ट्रेनिंगला कोणाबरोबर गेली होती, नवरा कुठे होता, अशी चढती भाजणी. पुढचं लिहीत नाही. लिहिणाऱ्यांना तेवढंच हवं असतं.

व्हिडिओ एका मोठ्या पेजने उचलला होता आणि वर ताईंचं नाव, गाव टाकलं होतं. फवारणी ठरवलेले शेतकरी एकेक करून 'नंतर बघू' म्हणायला लागले होते. नवरा म्हणत होता, सोड ते. गटाच्या पुढच्या बैठकीत रिमोट दुसऱ्या बाईकडे द्यायचा विषय निघणार होता. ताईंना भीती होती ती त्याची.

"माले तो उडावता येस, ताई," त्या म्हणाल्या. "खरंच येस."

मग पडला कसा? हे माझ्या तपासाचा भाग नव्हतं, पण मला राहवेना. त्यांनी समजावून सांगितलं. बॅटरी उतरायला लागली की ड्रोन आपोआप जिथून उडाला तिथे परततो. किती उंचीवरून परतायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं. त्या दिवशी ती उंची कमी राहिली आणि वाटेत शेजाऱ्याची पपई होती. चूक झाली, कळली, दुरुस्त केली. त्यानंतर त्यांनी कितीतरी शेतं फवारली. त्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही.

आमचे पीआय साहेब कोल्हापूरकडचे. त्यांनी व्हिडिओ पाहिला, कॉमेंट वाचल्या आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"टेकडाउन नोटीस काढा, मॅडम."

टेकडाउन म्हणजे हा मजकूर काढून टाका असं कंपनीला आणि पेज चालवणाऱ्याला कायदेशीर कळवणं. ते मी काढणारच होते. त्याआधी पुरावा. लोक कॉमेंटचा फोटो काढून आणतात, लिंक आणत नाहीत. त्या पोस्टची, त्या माणसाच्या प्रोफाइलची लिंक नसेल तर नुसता फोटो कोर्टात लंगडा पडतो. म्हणून मी बसले आणि एकेक कॉमेंट लिंकसकट उतरवली. उतरवताना वाचावीच लागली.

आणि वाचताना कुतूहल वाटायला लागलं. माझी समजूत होती की ट्रोल म्हणजे तोंड झाकलेला माणूस. खोटं नाव, फुलाचा फोटो. तसे होतेच काही. पण आपल्या भागातले बहुतेक उघड्या तोंडाचे! स्वतःचं नाव, दुकानाची पाटी, मांडीवर नातू, मागे नवा ट्रॅक्टर. शोधायला तंत्रज्ञान लागतच नव्हतं. हे लोक रस्त्यात भेटले तर मला 'या ताई, चहा घ्या' म्हणतील. मग इथे काय संचारतं यांच्यात?

आधी मूळ शोधलं. पेजने व्हिडिओ कुठून उचलला? मागे मागे जात एका प्रोफाइलवर पोचले. भूषण, राहणार सुरत, कापडाच्या मिलमध्ये कामाला. वर लिहिलेलं, 'आमनी वहिनीनं इमान पपईमा उतरनं.' आडनाव कल्पनाताईंचंच. चुलत दीर निघाला.

मी फोन लावला. आधी घाबरला, मग बुचकळ्यात पडला.

"मॅडम, देर भावजाईनी मस्करी करस. त्यामा काय गुन्हा शे?"

बरोबर होतं त्याचं. आमच्याकडे दिराने भावजयीची थट्टा नाही केली तर भावजयच विचारते, काय रे, रुसला का? सुट्टीला घरी आला होता, व्हिडिओ काढला, भावाबहिणींनी हसावं म्हणून टाकला. फक्त टाकताना 'पब्लिक' राहू दिलं. पब्लिक म्हणजे तुमचं अंगण नाही, भर बाजार. त्याने आपला व्हिडिओ घाईघाईने काढून टाकला, पण तोवर नकला झाल्या होत्या. पथारीवर वाळत घातलेली मिरची वाऱ्यावर उडाली की कोणाच्या डोळ्यात जाईल ते मिरचीवाल्याच्या हातात राहत नाही.

"वहिनीले नका सांगू," तो म्हणाला.

"मी नाही सांगत. तू ये आणि तू सांग."

तो आला. माझ्यासमोर, मान खाली घालून, त्याने सांगितलं. इतके दिवस परक्यांचं वाचून कोरड्या राहिलेल्या कल्पनाताईंनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं आता याला धुवून काढतात. त्यांनी पदर परत डोक्यावर घेतला.

मग म्हणाल्या, "लगनमा तू माले हासता ना, तर आम्ही बाया तुले गाणामा घेतूत. तुन्ही माय, तुन्ही बायको, बठ्ठा हासतात. फिटी जातं. आठे मी कोनले गाणं म्हनू रे, भूषण?"

भूषण रडला. मी पेन खाली ठेवलं. सायबरच्या प्रशिक्षणात मला ट्रोलिंगची बरीच लांबलचक व्याख्या शिकवली होती. एवढी नेमकी कोणी सांगितली नव्हती. मस्करीला नातं लागतं आणि परतफेडीची सोय लागते. दोन्ही नसेल तर तो नुसता दगड.

त्यावरून मला एक प्रश्न सुचला. ज्यांच्या कॉमेंट गलिच्छ होत्या आणि जे जिल्ह्यातले होते त्यांना मी चौकशीला बोलवत गेले. आधी विचारायचे, हे का लिहिलंत? उत्तरं मोठी मजेशीर. 'सगळे लिहीत होते.' 'गाडीची वाट बघत होतो.' एकाला तर आपण काय लिहिलं तेच आठवेना, वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "शी! हे मी?" एकजणही ताईंना ओळखत नव्हता. एकाचाही त्यांच्यावर राग नव्हता. राग असता तर मला समजलं तरी असतं.

मग मी दुसरा प्रश्न विचारायचे. "ह्या बाई तुमच्या कोण लागतात?"

"कोणी नाही."

"मग हे बोलायचा हक्क कुठून आणलात?"

पीआय साहेब दारातून डोकावले. "मॅडम, चौकशी चालू आहे की सोयरीक जुळवताय?"

"साहेब, आमच्याकडे दोन्ही एकच असतं."

राजेंद्र नावाचा एक होता. नंदुरबारला खतांच्या दुकानात कामाला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. ताईंच्या चारित्र्यावरची सगळ्यात घाण कॉमेंट याची.

"कोण लागतात?"

"कोणीच नही, मॅडम. कोरीटना पाहुना-पयी कोणीच नही आमना."

"तुमचं गाव?"

"रनाळे."

मी अर्ज पुढे ओढला. अर्जात ताईंचं माहेर लिहिलेलं होतं. ताईंना मी आधीच विचारून ठेवलं होतं, कोणाला तुमची ओळख सांगावी लागली तर चालेल का. त्या म्हणाल्या होत्या, नाव तर जगाने वाचलं, आता काय राहिलं?

"ह्या रनाळ्याच्याच आहेत," मी म्हटलं आणि त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं.

राजेंद्रचा चेहरा उतरला. सासरच्या आडनावामुळे आणि डोक्यावरच्या पदरामुळे त्याने ओळखलंच नव्हतं. त्या वडिलांच्या ओट्यावर तो लहानपणी जेवला होता. आमच्याकडे गावची लेक म्हणजे बहीण. रक्ताची असो नसो. ती दिली असेल त्या गावाला गेलात तर हात हलवत जायचं नाही, नारळ आणि ब्लाउज पीस घेऊन तिच्या दारी जायचं. आणि याने काय पाठवलं होतं, तर ती कॉमेंट.

"गावमा कोनी वाचं नसी ना?" त्याने विचारलं. पोलिसांची भीती नव्हती त्याला, गावाची होती.

"पब्लिक आहे," मी म्हटलं.

त्याने स्वतःहून कॉमेंट पुसली. मी म्हटलं, पुसून काय उपयोग, आमच्याकडे लिंकसकट आहे. तेव्हा त्याने तिथेच बसून नवी लिहिली. 'मी राजेंद्र, रनाळे. हाई मन्हा गावनी लेक शे. मी चुकनू.' त्याखाली भूषणने लिहिलं. 'मी हिना देर. मस्करी करानं नातं मन्हं शे. तुम्हनं काय नातं शे ते लिखा, मगच हासा.'

एरवी मी लोकांना बजावते की ट्रोलला उत्तर देऊ नका, त्याला तेच खाद्य असतं. इथे नियम मोडला. बचत गटाच्या बायांना ते आवडलं आणि त्या कामाला लागल्या. कोणीही काही टाकलं की खाली एकच प्रश्न. 'भाऊ, गाव कोनतं? कोना पोऱ्या?' शिवी नाही, उपदेश नाही. आणि काय सांगू, माणसं गळायला लागली! परक्या बाईवर वाटेल ते लिहिणारा गडी बापाचं नाव विचारल्यावर गुपचूप कॉमेंट काढून पसार.

औषधाला पथ्यही लागतं म्हणा. एका उत्साही बाईने एकाची बहीण शोधून काढली आणि तिचं नाव, सासर सगळं लिहून टाकलं. मी तिला फोन करून ते ताबडतोब पुसायला लावलं.

"त्यानी तसंच करं ना आमना कल्पनाले?" ती भांडली.

"म्हणूनच पुसा. त्या बहिणीने काय केलंय?"

पुसलं, पण कुरकुरतच. माझ्या लक्षात आलं की नात्याचा प्रश्न लाज आणण्यापुरता चांगला, सूड घ्यायला वापरला तर तेच ट्रोलिंग उलट्या दिशेने.

सगळे काही लाजेने गेले नाहीत. ज्यांचं गाव इथलं नाही त्यांना गाव विचारून काय होणार? पेजचा अ‍ॅडमिन, म्हणजे ते चालवणारा माणूस, दुसऱ्या जिल्ह्यातला. त्याला व्ह्यूज हवे होते, कल्पनाताई असोत की पपई. त्याला नोटीस आधीच गेली होती, पण त्याने व्हिडिओ उतरवला तो बऱ्याच दिवसांनी आणि 'मनोरंजनासाठी टाकला होता' असं कळवलं. एका खोट्या खात्याने ताईंचा फोटो भलत्याच चित्राला चिकटवून धमकी दिली होती. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. कंपनीकडून माहिती यायला वेळ लागतो, तो तपास अजून चालू आहे. लाज संपते तिथे कायदा लागतो, आणि कायदा चालत येतो, पळत नाही.

बैठकीचं मला ताईंनीच फोनवर सांगितलं. विषय निघाला. एक बाई म्हणाली, लोक नावं ठेवतात, रिमोट बदलूया. गटाच्या अध्यक्ष आजीबाई, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, म्हणाल्या, "रिमोट कोनले देवाना ते आम्ही ठरावसूत. फेसबुक कोन शे?" रिमोट ताईंकडेच राहिला. आवाज ऐकूनच मला कळलं होतं.

शेतकरी मात्र लगेच परतले नाहीत. सगळ्यात आधी बोलावलं राजेंद्रने, रनाळ्याच्या आपल्या कापसावर. ताईंनी मला विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, हे पोलिसांना विचारायचं नसतं.

त्या गेल्या. कापूस फवारला, पपई कुठे आहे ते आधी बघून. बांधावर राजेंद्रने नारळ आणि ब्लाउज पीस पुढे केले. ताईंनी ते घेतले, डोक्याला लावले, आणि फवारणीचा दरही पुरता घेतला. रनाळ्यातल्या माणसांनी ते पाहिलं, त्यानंतर फोन यायला लागले.

"म्हणजे मिटलं," मी म्हटलं. "मग राजेंद्रला फेसबुकवर ब्लॉक केलं होतं ते काढलंत ना?"

"कसाले?" ताई म्हणाल्या. "भाऊ शे ना तो? मग घर ये म्हना, च्या पी म्हना. फोनमा त्यानं काय काम शे?"