दोन वितींखालची अंगठी

सोनं शोधायची यंत्रं बनवणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात सगळ्यांत अवघड काम कोणाचं? मालकांना विचारलं तर ते स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवतील. पण खरं उत्तर म्हणजे खड्डेनाना. नानांचं काम पुरण्याचं. कारखान्यामागच्या मोकळ्या अंगणात रोज सकाळी ते खिळे, बाटल्यांची झाकणं, तारांचे तुकडे आणि त्यांत एखादा सोन्याचा तुकडा पुरून ठेवायचे आणि वहीत नकाशा काढायचे. मग कारागीर यंत्र घेऊन फिरायचे. यंत्रानं खिळ्यावर गप्प बसायचं आणि सोन्यावर वाजायचं, एवढीच परीक्षा.

अडचण एकच होती, नानांचा चेहरा. नाटकगृहातल्या शेवटच्या रांगेलाही वाचता यावा असा चेहरा देवानं त्यांना दिला होता. यंत्र सोन्याजवळ आलं की भुवया वर, लांब गेलं की खाली. कारागीर जमिनीकडे बघायचेच नाहीत. एकदा तर बॅटरी न घातलेलं यंत्र परीक्षेत पहिलं आलं! तेव्हापासून नियमच झाला, परीक्षा चालू असताना नानांनी चहाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचं.

अशा माणसानं अकरा वर्षं एक गुपित पोटात ठेवलं होतं, हे ऐकून तुम्ही हसाल. पण ठेवलं होतं खरं.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी एका परीक्षेला कारखान्याचा सोन्याचा तुकडा सापडेना, म्हणून नानांनी एका दिवसापुरती बायकोची अंगठी मागून नेली. तिच्या आईनं दिलेली, वर बारीक पानाची नक्षी. कसोटी कडक व्हावी म्हणून नानांनी ती चांगली दोन विती खोल पुरली आणि वहीत टिपून ठेवलं, ‘झाडापासून सात पावलं.’ त्याच संध्याकाळी त्यांना ताप भरला. चार दिवसांनी येऊन बघतात, तर अंगणात झाडच नाही! मालकांनी ते मुळासकट काढून सगळीकडे रोलर फिरवला होता. सात पावलं बरोबर होती हो, पण मोजायची कुठून?

त्या वेळच्या यंत्रांना एका वितीखालचं ऐकू यायचं नाही. नानांनी साफसफाईच्या नावाखाली अर्धं अंगण उकरलं, पण अंगठी काही हाती लागली नाही. घरी जाऊन सांगितलं, “अगं, तुझी अंगठी कंपनीला इतकी आवडली, की आता प्रत्येक यंत्र तिच्यावरच जुळवतात. तिजोरीत असते.”

बायको रागावली असती तर बरं झालं असतं. ती खूश झाली! शेजारणींना सांगू लागली, “आमच्या अंगठीवर कंपनी चालते.” आणि अधूनमधून, वसतिगृहातल्या लेकीची चौकशी करावी तशी विचारायची, “अहो, अंगठी बरी आहे ना?”

“ठणठणीत!” नाना ताटातून मान वर न करता म्हणायचे.

यंदा मात्र कंपनीचेच दिवस फिरले. दुसरीकडची हलकी यंत्रं बाजारात आली आणि मागणी आटली. बारा टेबलांपैकी आठांवर चादरी पडल्या. एक माणूस टेप घेऊन आला आणि मागचं अंगण मोजून गेला. तिथे सिमेंट ओतून गाड्या लावायला जागा करायची, असं बोलणं चाललं होतं. सगळी आशा एका नव्या यंत्रावर होती. मालकांची भाची इंजिनीअर, ती दोन वर्षं त्याच्यामागे लागली होती.

नाना रोज सकाळी तिच्या टेबलापाशी हजर. “ताई, किती झालं?”

“दीड वीत, नाना.”

“अजून अर्धी वाढवा की.”

“कणीक आहे का, पाणी घालून वाढवायला?”

पुढच्या महिन्यात पुन्हा, “ताई?”

“पावणेदोन. नाना, कंपनीची तुमच्याइतकी काळजी मामालाही नाही हो!”

नानांनी मान खाली घातली. सिमेंट पडायच्या आत यंत्र दोन वितींवर आलं पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं. कंपनी तरली तर अंगण राहणार, आणि अंगण राहिलं तर अंगठी. गुपचूप शोधायची, गुपचूप घरी न्यायची, असा त्यांचा बेत.

अखेर यंत्र तयार झालं आणि त्याच आठवड्यात मोठा व्यापारी बघायला यायचं ठरलं. त्याला पसंत पडलं तर तीनशे यंत्रं, नाही तर सिमेंट. व्यापाऱ्याची अट विचित्र होती. “नकाशा माझ्या हातात द्या आणि पुरणारा माणूस समोर उभा करा. मी यंत्राच्या आधी माणसं बघतो.”

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. “नाना, आठ दिवस आहेत. चेहरा दगडाचा करा!”

नाना घरी आरशासमोर तालीम करू लागले. बायकोनं दारातून पाहिलं. “दात दुखतोय का?”

“नाही गं, दगड झालोय.”

“दगड असा घाबरलेला नसतो.”

त्यात मालकांनी आणखी एक हौस केली. जिची अंगठी अडीअडचणीला कंपनीच्या कामी आली तिला मानानं बोलवायला हवं, म्हणून नानांच्या बायकोला पहिल्या खुर्चीचं आमंत्रण! कारखान्यातही नानांनी अंगठीची हकीकत थोडी फिरवूनच सांगितली होती, मालकांना वाटायचं, त्या परीक्षेनंतर ती परत घरच्या तिजोरीत गेली.

तो दिवस उजाडला. अंगणात खुर्च्या मांडल्या. पहिल्या खुर्चीत बायको, शेजारी व्यापारी, आणि समोर नाना, पहिल्यांदाच रंगमंचावर ढकललेल्या माणसासारखे. भाचीनं यंत्र सुरू केलं. पहिला तुकडा वाजला. दुसरा वाजला. खिळ्यांवर यंत्र मुकं. तिसराही वाजला, आणि नानांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. व्यापारी मान डोलवू लागला. मालकांनी रुमालानं मान पुसली.

भाची यंत्र बंद न करताच परत फिरली, आणि भिंतीजवळ ते चौथ्यांदा वाजलं. चांगलं खणखणीत.

व्यापाऱ्यानं नकाशा उलटासुलटा केला. “इथे काहीच दाखवलेलं नाही. म्हणजे हे खोटंही वाजतं तर!”

“कधी कधी... दमट हवा...” मालक पुटपुटले. भाचीचे डोळे भरून आले.

आणि नानांचा चेहरा? अकरा वर्षांचा बांध फुटला त्यावर! भुवया कपाळाच्या पार, ओठ थरथरत. गप्प बसावं तर यंत्र खोटं, पोरीची दोन वर्षं मातीत आणि अंगठीवर सिमेंट. बोलावं तर पहिली खुर्ची हाताच्या अंतरावर. एकदा बायकोकडे पाहून ते म्हणाले,

“यंत्र खरं आहे. खोटा मी आहे. खणा.”

खणायला तेच बसले. एक वीत झाली, काही नाही. दीड झाली, तरी काही नाही. व्यापाऱ्यानं घड्याळ पाहिलं. दोन वितींवर नानांची बोटं थांबली, आणि मातीच्या ढेकळातून पानाची बारीक नक्षी बाहेर आली.

बायको उठली, तिनं अंगठी घेतली, रुमालानं पुसली, बोटात घालून पाहिली. पेरावर अडकली, म्हणून करंगळीत घातली.

“कंपनीची तिजोरी बरीच ओली आहे हो,” ती म्हणाली आणि पुन्हा खुर्चीत बसली. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, काहीच नाही.

व्यापारी यंत्र विसरून तिच्याकडेच बघत राहिला. “नकाशात नसलेलं सोनं, तेही दोन वितींखाली! तीनशे लिहून घ्या. आणि या बाई तुमच्याकडे काय काम करतात?”

“काही नाही,” मालक म्हणाले.

“मग द्या काहीतरी. असा चेहरा वाया घालवू नका.”

आठ टेबलांवरच्या चादरी निघाल्या, टेपवाला पुन्हा फिरकला नाही. आता अंगणात पुरायचं काम नानांची बायको करते. ती कारागिरांच्या समोर, यंत्राच्या अगदी शेजारी उभी राहते आणि कोणालाही काही कळत नाही. नाना परीक्षेनंतर उकरायचं काम करतात आणि सगळ्यांना चहा देतात.

एक प्रश्न मात्र त्यांना अजून छळतो. एका दुपारी त्यांनी कप पुढे करत विचारलंच, “खरं सांग, तुला आधीपासून माहीत होतं का गं?”

तिनं चहाचा घोट घेतला, करंगळीतली अंगठी एकदा फिरवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. नाना तो चेहरा इकडून न्याहाळतात, तिकडून न्याहाळतात. दोन विती काय, चार विती खोल बघतात. काही वाजत नाही.