गाडीच्या मागे उभा राहणारा माणूस

जिभाऊ आयुष्यात जेवढे पुढे चालले असतील, जवळजवळ तेवढेच उलटे चालले असतील. गावात कुणाचीही गाडी मागे घ्यायची वेळ आली की ते हातातलं काम टाकून तिच्या मागे जाऊन उभे राहत आणि गाडीकडे तोंड करून, उजवा हात हलवत, एकेक पाऊल मागे सरकत. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." आणि मग गाडीच्या पाठीवर तळव्याची एक थाप, "बस्स!" त्यांना कुणी बोलावलेलं नसे. लग्नाच्या मांडवाबाहेर असो की ऊस भरायला आलेला ट्रक असो, म्हसावदकडच्या आमच्या गावात हे काम त्यांचंच, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

ते माझे सख्खे मोठे काका. माझे वडील त्यांना जिभाऊ म्हणत, म्हणून आम्ही पोरंही जिभाऊच म्हणायचो, आणि पुढे सगळं गाव म्हणायला लागलं. घरची केळी, कापूस, गोठ्यात चार जनावरं, अंगणात एक जुनी जीप. पोटापाण्याची चिंता नसलेला हा बागायतदार माणूस लोकांच्या गाड्यांमागे धूळ खात का उभा राहतो, हे पाहुण्यांना कधी कळायचं नाही. कुणी विचारलंच तर जिभाऊ म्हणत, "पुढलं सर्वास्ले दिखस. मांगलं कोन दखी?"

घरात त्यांचा एक कायदा होता. गाडी अंगणात आली की तिचं तोंड रस्त्याकडे पाहिजे. माझ्या आजोबांच्या छातीत एकदा कळ आली, तेव्हा जीप गोठ्याकडे तोंड करून लावलेली होती आणि अंगणात चिखल. ती वळवता वळवता सगळ्यांचा जीव कंठाशी आला होता. आजोबा त्या खेपेला वाचले, पण जिभाऊंच्या मनातून ती खटपट गेली नाही. मी गाडी चालवायला त्यांच्याकडूनच शिकले आणि आधी शिकले ती उलटी. मान मागे वळवून दुखायला लागायची. आरशात बघितलं की ते खिडकीवर टकटक करायचे. "आरसाले काय इचारस? मान शे ना तुले?"

बोलायला ते फटकळ होते. गावातल्या एकाने नवीन गाडीच्या मागच्या काचेवर आपल्या दोन्ही मुलांची नावं ठळक अक्षरांत चिकटवून घेतली आणि हौसेने जिभाऊंना दाखवायला आणली. सगळ्यांनी वाहवा केली. जिभाऊ काचेसमोर जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पोऱ्यास्ना नावे काचवर लिखेल शेतस. तेच पोऱ्या गाडीमांगे खेळतीन, तवय कसा दिखतीन?" तो माणूस महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. नावंही काढली नाहीत, हे सांगायला नको.

मोलगीच्या बाजाराला जातानाचा एक प्रसंग वडील नेहमी सांगायचे. घाटातल्या अरुंद वळणावर दोन जीपगाड्या समोरासमोर आल्या. दोन्हींत माणसं खच्चून भरलेली, टपावरही बसलेली, आणि मागे कोण जाणार यावरून दोन्ही ड्रायव्हर हमरीतुमरीवर आलेले. जिभाऊ मागे अडकलेल्या आमच्या जीपमधून उतरले, भांडणात एक शब्द बोलले नाहीत. दरीकडच्या जीपमागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवायला लागले. स्वतः कड्याच्या बाजूने चालत त्यांनी ती जीप मोकळ्या जागेपर्यंत मागे नेली. ड्रायव्हर म्हणाला, मला चाक कुठे आहे ते दिसत नव्हतं, पण हा माणूस दिसत होता.

जिभाऊंचा मुलगा दिलीप नाशिकला कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी तो नवी गाडी घेऊन आला. पांढरी, उंच, मागून एखाद्या कोठीसारखी फुगलेली. मी सहज चालकाच्या जागी बसून मान वळवली, तर मागे दिसल्या फक्त सीटच्या उशा, दोन्ही बाजूंचे जाडजूड खांब आणि त्यांच्यामध्ये हातभर काच. दिलीप म्हणाला, "ताई, मागे बघायचंच नाही आता. इथे बघायचं." त्याने टीव्हीसारखा पडदा दाखवला. आधी भिंत बांधायची आणि मग भिंतीपलीकडचं दिसावं म्हणून टीव्ही लावायचा, याला हल्ली सोय म्हणतात. मी तसं बोलूनही दाखवलं. दिलीप हसला. त्याच्या हसण्यात मी खेड्यातली आहे हे त्याने नीट मिसळलं होतं.

त्या दिवशी दिलीप गाडी मागे घ्यायला लागला आणि जिभाऊ नेहमीप्रमाणे मागे जाऊन उभे राहिले. गाडी आतून किंचाळायला लागली. दिलीपने काच खाली केली. "बाबा, बाजूला व्हा. तुम्ही मागे असलात की ती ओरडते." जिभाऊंना आधी समजलंच नाही. मग त्यांनी आत बसून तो पडदा बघितला, मला मागे उभं राहायला सांगितलं. मी पडद्यावरच्या लाल रेघेत आले आणि गाडी पुन्हा किंचाळली. "मानूस दिखना का बोंबलस," ते म्हणाले. "हुशार शे." एवढं बोलून ते खाली उतरले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर दिलीपच्या गाडीमागे ते कधी उभे राहिले नाहीत. गाडीचं तोंड रस्त्याकडे कर, हेही सांगणं सोडलं. दिलीप गाडी सरळ गोठ्याच्या भिंतीपर्यंत आत घालायचा, "मागे घेणं आता काय अवघड आहे?" म्हणायचा, आणि जिभाऊ ओट्यावरून नुसते बघायचे. त्यांना ते लागलं होतं. घरात ते कुणाला दिसलं नाही, मला दिसलं.

मग गेल्या वर्षीचा दसरा. गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या. मोठी माय, म्हणजे माझी काकू, पूजेचं ताट घेऊन गाडीभोवती फिरत होती. तिने पुढे स्वस्तिक काढलं, दोन्ही दिव्यांना टिळा लावला आणि मागे येऊन त्या बारीक काचेच्या बटणाकडे बोट दाखवलं. "दिलीप, हाऊ काय शे?"

"कॅमेरा. गाडीचा मागचा डोळा," दिलीप फोनवर बोलता बोलता म्हणाला.

"डोळा शे, मंग त्याले बी लावनं पडी." तिने तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यावर घेऊन त्या डोळ्याला भरघोस टिळा लावला. दिलीपने आत बसून रिव्हर्स टाकला, तर मागे लोंबणाऱ्या माळेमुळे गाडी सारखी ओरडायला लागली, तेव्हा त्याने आवाज बंद करून टाकला.

राहिली लिंबं. आमच्याकडे पूजा झाली की चाकाखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांच्यावरून नेतात. गाडी भिंतीकडे नाक करून उभी, निघणार उलटी, म्हणून लिंबं चाकांच्या मागच्या बाजूला ठेवायला हवी होती. मोठ्या मायला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. तिने ओट्याकडे बघून हाक मारली, "आयकं का, तेवढा लिंबू ठी द्या चाकखाले," आणि नारळ आणायला आत गेली. जिभाऊ उठले. मी पुढे ताट धरून उभी होते. दिलीप काचा लावून, गारव्यात बसलेला. मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले जिभाऊ त्याला दिसणं शक्य नव्हतं. पडदाभर नुसतं लाल होतं. ते उन्हामुळे असेल आणि लिंबं ठेवून झाली असतील असं वाटलं, असं तो नंतर म्हणाला. गाडी मागे सरकली. मी किंचाळले, ताट टाकून बॉनेटवर हात आपटले. आणि मागून जिभाऊंचा आवाज आला, "बस्स!" नेहमीसारखाच खणखणीत. गाडीच्या आत कुणी ऐकला नाही.

खुबा मोडला होता. त्याच गाडीत त्यांना आडवं घालून आम्ही नंदुरबारला नेलं. दिलीप रडत गाडी चालवत होता. मोठी माय घरीच राहिली होती. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर यायची वाट बघत असताना दिलीप आत धावला आणि जिभाऊंनी माझा हात ओढला.

"ते कुंकू पुसी टाक. तुन्ही मोठी मायले समजाले नको."

मी ओढणीचं टोक हातात घेतलं.

"आन आयक. लिंबू ठीसन मी बाजूले व्हयनू. मंग सवयनी मांगे उभा ऱ्हायनू. आसंच सांगजो सर्वास्ले."

मी ओढणीने तो डोळा पुसला. तेल होतं, लवकर निघेना. घासून घासून पुसला.

पुढचे काही महिने ते खाटेवर होते. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःच रंगवून सांगत, की मलाच खोड, म्हातारपणी गाडीच्या मागे नाचायला गेलो. लोक हसत. "जिभाऊ, आते गाडी हुशार व्हई गयी, तुम्ही व्हा बाजूले," असं तोंडावर म्हणत. तेही हसत. एवढ्या वर्षांत ज्याने कुणाच्या गाडीला ओरखडा उठू दिला नाही, तो माणूस स्वतःच्या हाताने स्वतःला गावचा खुळा करून घेत होता आणि मी शेजारी बसून पाणी देत होते. मला दिलीपचा राग यायचा. तो सुरुवातीला रडला, मग गप्प झाला आणि हळूहळू बापाचं म्हणणं त्याला खरंच वाटायला लागलं. त्या गाडीचा राग यायचा. आणि खरं सांगते, जिभाऊंचाही यायचा. बायकोच्या जिवाला घोर नको म्हणून त्यांनी आपलं सगळं नाव देऊन टाकलं होतं आणि ते खोटं सांभाळायला मला बसवलं होतं.

थंडीत छातीत कफ भरला आणि ते गेले.

दुखवट्याला दारावर बसायला आलेल्यांत दिलीप सगळ्यांना सांगत होता, "किती वेळा म्हटलं बाबांना, मागे उभं राहू नका." माणसं माना हलवत होती. कुणीतरी म्हणालं, सवय वाईट असते. मोठी माय भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण स्वच्छ दुःख होतं, त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"मी बी कायम सांगू ना त्यास्ले, पोऱ्यानी गाडीमांगे जाऊ नका. तू तं तठेच व्हतीस. सांग बरं ह्यास्ले, त्यास्नीच चूक व्हती ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हा, मोठी माय," मी म्हणाले. "त्यास्नीच व्हती."