काकूंच्या विहिरीतले गप्पी मासे

हत्तीरोग पसरवणाऱ्या डासांवर संशोधन करताना मी चौलला एका काकूंच्या घरी राहायचो. त्यांचा डावा पाय त्याच रोगाने सुजलेला होता. वाडीतल्या विहिरीत गप्पी मासे सोडू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "न्हाय. देवाला पाणी तिथलंच जातं."

मग मी बरणीत विहिरीचं पाणी घेऊन एक गप्पी सोडला. डासांच्या वळवळणाऱ्या अळ्या त्याने टिपून खाल्ल्या. काकू बघत राहिल्या.

"माझा पाय असल्याच डासांनी असा केला?"

"हो काकू."

"मग सोड."

उन्हाळ्यात विहीर उपसायला काढली, तेव्हा काकूंनी मासे घंगाळात जपून ठेवले. शेजारीण मागायला आली. तिला थोडे देताना काकूंनी प्रेमाने बजावलं, "यांना भात घालू नको हां. पोट भरलं तर अळ्या कशाला खातील?"