तरवडाचे कान

तरवड आणि कासविंदा यांतला फरक ह्यांनी वाचनालयाच्या सभेत दिवे लागेपर्यंत समजावून सांगितला होता. फुले दोन्हींची पिवळी. पण तरवडाच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी गोल पाने असतात. कासविंद्याला ती नसतात, शिवाय त्याच्या पाल्याला उग्र घाण येते. शेवटी अध्यक्षांनी ह्यांना हार घातला. तो झेंडूचा होता, त्यामुळे वाद झाला नाही.

सोलापुरात आमच्या शेजारी तेलुगू विणकरांचे बिऱ्हाड होते. नवरात्रात त्यांच्या बायका थाळीत फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती फेर धरतात; तिला बतकम्मा म्हणतात. तिच्यात तरवड हवाच. त्या साली शेजारीणबाईंची लेक लग्नानंतर पहिल्यांदाच सणाला आली होती, आणि बरोबर तिची सासूही. घरधनी तापाने पडलेले. तेव्हा फुले आणायचे काम ह्यांनी आपण होऊन अंगावर घेतले आणि खिशात भिंग टाकून निघाले.

तिसऱ्या प्रहरी भरली टोपली आली. वास मला उंबऱ्यातच आला. पण चारचौघींत नवऱ्याला खोटे पाडायची रीत नव्हती. मी पदर नाकाशी धरून उभी राहिले. ह्यांनी एक डहाळी उचलली, लेकीच्या सासूबाईंना म्हणाले, "आता कान पाहा," आणि भिंग धरले. कान सापडेना. दुसरी डहाळी घेतली. मग तिसरी. बायका अदबीने थांबल्या होत्या. माझी नजर जमिनीवरून उठेना.

"असू द्या मास्तर," शेजारीणबाई म्हणाल्या, "पिवळं हाय की."

सासूबाईंनी टोपलीवरून तोंड फिरवले. लेकीचे तोंड एवढेसे झाले. हे भिंग तिथेच ठेवून बाहेर पडले.

ह्यांचा मान राहावा म्हणून शेजारीणबाईंनी तोच कासविंदा तळाशी रचला आणि वर झेंडू दाबून बसवला. गाणे सुरू झाले तरी वास काही दबला नाही. दिवेलागणीला हे परतले. धोतराला कुसळे, हातात तरवडाच्या मूठभर डहाळ्या. त्या मुकाट्याने बाजूला ठेवाव्यात, तर शेजारीणबाईंनी गाणे थांबवले, सगळी फुले उतरवली आणि तळापासून पुन्हा रचायला घेतले. काय झाले ते साऱ्या गल्लीला कळले.

हे मधोमध उभे राहून एकेक डहाळी देत होते, आणि देण्याआधी तिचा कान अंगठ्याने चाचपत होते. लेकीने थाळी उचलली, सासूने थाळीला हात लावला, फेर फिरू लागला. आम्ही दोघे मात्र खालीच पाहत होतो.